नवी प्रोग्रामिंग भाषा पारखायची कशी

कुठल्याही प्रोग्रामिंग भाषेच्या मुख्य पानावरचा कोडचा नमुना वाचून तिच्याबद्दल मत बनवू नका. तो नमुना भाषा बनवणाऱ्यांनीच निवडलेला असतो. त्यात फाइल नेहमी सापडते, आकड्याच्या जागी आकडाच असतो, नेटवर्क तुटत नाही आणि कोड लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलेला नसतो. मी दिवसभर ज्या कोडमध्ये असते तिथे यातलं काहीही गृहीत धरता येत नाही. माझं काम बिलिंगचं. ग्राहकाने काय वापरलं, त्याचे पैसे किती झाले, ते वेळेवर आले का, नाही आले तर पुढे काय करायचं. बहुतेक कोड जावात आहे, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, पायथनच्या बऱ्याच स्क्रिप्ट आहेत आणि काही लहान सर्व्हिस गोमध्ये आहेत. यातला मोठा भाग माझ्या आधीच्या लोकांनी लिहिला आणि माझ्यानंतरही तो चालणार आहे. म्हणून भाषा बघताना मी दोनच गोष्टी शोधते: काही बिघडलं की ती कशी वागते, आणि पाच वर्षांनी हा कोड उघडणाऱ्याला ती किती साथ देते. घर बघायला पावसाळ्यात जावं, तशी भाषा जिथे गळते तिथून बघावी.

पुढे दिलेली पद्धत मी स्वतः वापरते. एका शनिवार-रविवारात ती उरकते, आणि त्यानंतर भाषेबद्दल जे मत बनतं ते ऐकीव नसतं.

आधी बघा, निवड हातात आहे का

पुष्कळदा नसते. ब्राउझरमध्ये काही चालवायचं तर जावास्क्रिप्ट, आणि माझ्या मते थेट टाइपस्क्रिप्टच. आयफोनसाठी स्विफ्ट. मशीन लर्निंगसाठी पायथन, कारण त्या क्षेत्रातल्या लायब्रऱ्या तिथे आहेत. लहान मायक्रोकंट्रोलरवर सी, काही ठिकाणी आता रस्ट. अशा जागी हट्ट करून वेगळं काही आणलंत तर निम्मा वेळ जोडकामात जातो. मुकाट्याने तिथली भाषा घ्या आणि कामाला लागा.

एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं, मात्र वेगळं सांगायला हवं. ती सगळ्यांना लागते आणि फार थोडे लोक ती नीट शिकतात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे डेटा तक्त्यांत मांडायच्या पद्धतीवरचा, शोधनिबंध १९७० चा, भाषा आयबीएममध्ये १९७४ च्या सुमारास आकाराला आली. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी फ्रेमवर्क आली आणि गेली, पण तक्ते जोडणारा जॉइन आणि ओळींचे गट करणारा ग्रुप बाय जसेच्या तसे आहेत. नवी भाषा शिकायला वेळ काढणार असाल आणि विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून आसपासच्या ओळींवर हिशोब करणारी सोय) अजून वापरली नसतील, तर तो वेळ आधी तिकडे द्या.

चाचणीचा प्रोग्राम

निवड हातात असेल, तर एक लहान प्रोग्राम लिहायचा. प्रत्येक भाषेत तोच. मजकुराची एक फाइल वाचायची, तिच्या प्रत्येक ओळीत नाव, रक्कम आणि तारीख. नावांप्रमाणे क्रम लावायचा, रकमांची बेरीज करायची, प्रत्येकाची पुढच्या महिन्याची बिलाची तारीख काढायची आणि निकाल दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचा. अट एकच: बाहेरचं एकही पॅकेज (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) घ्यायचं नाही. भाषेसोबत जे येतं तेवढ्यावरच भागवायचं.

फाइल मुद्दाम खराब करून ठेवा. एका ओळीत रक्कम नाही, एका ओळीत रकमेच्या जागी शब्द, एका ओळीत ३१ जानेवारी तारीख, शेवटची ओळ अर्धवट. नावं देवनागरीत. असा प्रोग्राम कुठल्याही भाषेत शे-दीडशे ओळींत बसतो, आणि मला जे जाणून घ्यायचं असतं ते जवळजवळ सगळं त्यातून बाहेर येतं.

पैशांपासून सुरुवात करा. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून छापून बघा. पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देतात. यात भाषेचा दोष नाही. दशांश अपूर्णांक दोनच्या पायात साठवला की असंच होतं, आणि जवळपास सगळ्या भाषा त्याच ठरलेल्या पद्धतीने साठवतात. बघायचं ते हे, की पैशांसाठी भाषेने वेगळा दशांश प्रकार सोबत दिलाय का. जावात बिगडेसिमल आहे, सी शार्पमध्ये डेसिमल, पायथनमध्ये डेसिमल नावाचं मॉड्यूल. जावास्क्रिप्टमध्ये आणि गोच्या मुख्य संचात पैशांसाठी असा सरळ वापरता येणारा प्रकार नाही. तिथे सगळ्यात लहान नाण्यात पूर्णांक ठेवायचा, आणि तो नियम टीममधल्या प्रत्येकाला पाठ हवा. असे पाठ करायचे नियम जितके कमी तितकी भाषा माझ्या कामाची.

मग २१४७४८३६४७ मध्ये एक मिळवा. ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. जावाचा साधा इंट काहीही न बोलता उणे २१४७४८३६४८ वर जातो. पायथन बरोबर उत्तर देतो, कारण त्याच्या पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही. स्विफ्ट प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवते. रस्ट डीबग बिल्डमध्ये (चाचणीसाठी बनवलेल्या प्रोग्राममध्ये) थांबवते आणि रिलीज बिल्डमध्ये (वापरासाठी बनवलेल्यात), वेगळं सांगितलं नसेल तर, जावासारखीच उण्यात गुंडाळून पुढे जाते. सीमध्ये चिन्ह असलेल्या पूर्णांकाबाबत काय व्हावं हे भाषेने ठरवलेलंच नाही. ४ जून १९९६ ला आरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुटल्यानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झालं, तेव्हा मुळाशी याच जातीची चूक होती: ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला गेला आणि मावला नाही. तो कोड आडामध्ये होता, म्हणजे सुरक्षिततेसाठीच घडवलेल्या भाषेत, पण त्या विशिष्ट रूपांतरावरचं संरक्षण ठेवलेलं नव्हतं. म्हणून भाषेत सोय आहे का एवढं विचारून मी थांबत नाही. काहीच न सांगता कोड लिहिला तर काय होतं, हे बघते. घाईत लिहिलेला कोड भाषेच्या मूळ वागण्यावरच चालतो.

आता देवनागरी. 'नमस्ते' या शब्दाची लांबी विचारा. पायथन आणि जावास्क्रिप्ट ६ सांगतात: न, म, स, हलन्त, त आणि मात्रा. गो आणि रस्ट १८ सांगतात, कारण त्या बाइट मोजतात आणि यूटीएफ ८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. स्विफ्ट वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं मोजू बघते, आणि जोडाक्षर एक धरायचं की दोन हे ती युनिकोडची (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाची) कुठली आवृत्ती वापरते त्यावर ठरतं; २०२३ मधल्या युनिकोड १५.१ ने देवनागरी जोडाक्षर एक धरायचा नियम आणला. यातलं कुठलंच उत्तर चूक नाही. पण आता त्याच शब्दाचे पहिले पाच तोडून घ्या. पायथन 'नमस्त' देतो, मात्रा गळालेली. गो पाच बाइट देतो, म्हणजे एक न आणि म चा मोडका तुकडा. रस्ट प्रोग्राम थांबवते आणि कुठल्या अक्षराच्या मधोमध कापायला निघालात ते सांगते. मला रस्टचं वागणं आवडतं. नाव छापायच्या चौकटीत बसावं म्हणून कुणीतरी ते कापतं, आणि चुकीचं कापलेलं नाव बिलावर जाण्यापेक्षा चाचणीच्या वेळी प्रोग्राम पडलेला परवडतो.

नावांचा क्रम लावून बघा, म्हणजे आणखी एक गळती दिसेल. यादीत काळे, काशीकर आणि कासार ठेवा. साधा सॉर्ट लावला तर बहुतेक भाषा काळेला सगळ्यात वर आणतात, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, म्हणजे काळे शेवटी यायला हवा. तसंच क्ष आणि ज्ञ चं, ते क आणि ज च्या पोटात जाऊन बसतात. मराठी वर्णक्रम लावायची सोय जावास्क्रिप्टमध्ये भाषेच्या आंतरराष्ट्रीय भागात आहे. गोमध्ये त्याच टीमचं पॅकेज आहे, पण मुख्य संचाबाहेर. पायथनमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगवर अवलंबून राहावं लागतं किंवा बाहेरची लायब्ररी आणावी लागते. तुमचा सगळा डेटा इंग्रजीत असेल तर ही चाचणी सोडून द्या. नसेल तर ती पहिल्याच दिवशी करा, कारण नंतर हे दुरुस्त करायचं म्हणजे डेटाबेसचे इंडेक्स आणि जुने रिपोर्ट यांच्यासकट करायचं.

बिलिंगवाल्यांसाठी खरी परीक्षा तारखेची. ३१ जानेवारीत एक महिना मिळवा. जावाचा २०१४ मध्ये आठव्या आवृत्तीत आलेला तारखांचा संच २८ फेब्रुवारी देतो, लीप वर्षात २९. पोस्टग्रेसही तेच देतो. गो फेब्रुवारीतले जास्तीचे दिवस पुढे ढकलतो आणि ३ मार्च देतो, लीप वर्षात २ मार्च. जावास्क्रिप्टची जुनी तारीखही तशीच वागते. पायथनच्या मुख्य संचात महिना मिळवायची सोयच नाही, दिवस आणि आठवडे मिळवता येतात. गोच्या दस्तऐवजात हे वागणं उदाहरणासकट लिहिलेलं आहे, त्यामुळे फसवणूक म्हणता येणार नाही. पण ग्राहकाचं फेब्रुवारीचं बिलच निघालं नाही तर त्याला दस्तऐवज दाखवून उपयोग नाही. डेटाबेस एक तारीख काढतो आणि सर्व्हिस दुसरी, अशी जोडी एकाच प्रॉडक्टमध्ये सहज जमू शकते. दोन्हीकडे ३१ जानेवारी टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. ती घालवा.

गाळलेली रक्कम आणि न सापडणारी फाइल

ज्या ओळीत रक्कम नाही तिच्यापाशी भाषा काय करते हे नीट बघा. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ मध्ये आल्गोल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स, म्हणजे कशाकडेच न नेणारा दुवा, आणला आणि २००९ च्या एका व्याख्यानात त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कोटलिन, स्विफ्ट आणि रस्ट इथे अडवतात: मूल्य नसू शकतं हे टाइपमध्येच, म्हणजे त्या मूल्याच्या जाहीर केलेल्या प्रकारातच, लिहावं लागतं आणि ते नसलं तर काय करायचं हे सांगितल्याशिवाय कोड कंपाइल होत नाही, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रामच बनत नाही. टाइपस्क्रिप्टही अडवते, पण स्ट्रिक्ट सेटिंग चालू असेल तरच. तुम्ही टाइपस्क्रिप्ट घेणार असाल तर ते सेटिंग पहिल्या दिवशी चालू करा. वर्षभराने चालू करायला गेलात तर एररची रांग बघून मॅनेजर ते बंद करायला सांगेल.

मग फाइलचं नाव चुकीचं देऊन प्रोग्राम चालवा. इथे माझी मतं ठाम आहेत. गोमध्ये एरर हे फंक्शनकडून परत मिळणारं साधं मूल्य असतं आणि दर दोन-तीन ओळींनी ते तपासावं लागतं. लोक याला कंटाळतात. मला ते आवडतं, कारण कोड वाचताना कुठे कुठे बिघडू शकतं ते डोळ्यांना दिसतं. उणीव अशी, की परत आलेली एरर कुणी घेतलीच नाही तरी कंपायलर गप्प बसतो, म्हणून वेगळं तपासणी साधन लावावं लागतं. जावातल्या चेक्ड एक्सेप्शनना, म्हणजे दखल घेतल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही अशा एररना, बहुतेक सगळे नावं ठेवतात. फाइल आणि नेटवर्कच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. त्रास त्यांच्यामुळे होत नाही, पकडून आत काहीच न लिहिलेल्या रिकाम्या कॅचमुळे होतो, आणि तो कोड रिव्ह्यूमध्ये दिसला की मी मान्यता देत नाही.

एरर मेसेज मोठ्याने वाचा. फाइलचं नाव त्यात आहे का? कुठल्या ओळीवर झालं ते आहे का? रस्टचा कंपायलर चूक कुठे झाली आणि काय लिहून बघावं हे दोन्ही सांगतो, आणि नवशिक्याला त्याचा फार आधार वाटतो. पायथननेही ३.१० पासून मेसेज बरेच सुधारलेत. ज्या भाषेत एका चुकीसाठी पानभर टाइपची नावं सांडतात, तिथे रात्री कॉलवर असलेल्या माणसाचे हाल होतात.

दुसऱ्याच्या हाती द्या

हा भाग कुणी करत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चाचणीचा प्रोग्राम पूर्ण झाला की त्यात एक चूक पेरा, म्हणजे उदाहरणार्थ बेरजेतून शेवटची ओळ वगळा. मग ती भाषा न येणाऱ्या सहकाऱ्याला तो द्या आणि चूक शोधायला सांगा. शेजारी बसा, बोलू नका.

आमच्या टीममधला एक जण आयुष्यभर जावा लिहिणारा. गोमधला प्रोग्राम त्याने वरून खाली वाचला, एकदा डिफर म्हणजे काय एवढं विचारलं, आणि चूक त्याला सापडली. तोच प्रोग्राम स्कालात दिला तेव्हा तो एका ओळीपाशी बराच वेळ अडकला. तिथे रूपांतर करणारं फंक्शन कुठेही बोलावलेलं दिसत नव्हतं, ते इम्प्लिसिट होतं आणि दुसऱ्याच फाइलमधून येत होतं. स्काला ताकदीची भाषा आहे आणि ती मनापासून शिकलेले लोक तिच्यात अतिशय सुंदर कोड लिहितात. पण माझ्या टीममध्ये लोक येतात-जातात, आणि नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात बिलाचा एक तरी बग सोडवता आला पाहिजे. तुमच्या टीममध्ये तेच पाच जण वर्षानुवर्षं राहणार असतील तर तुमचा निकाल वेगळा येईल, आणि तो तुमच्यासाठी बरोबर असेल.

पॅकेजं मोजा

आता बाहेरच्या पॅकेजांवरची बंदी उठवा. डेटाबेसशी जोडणं, वेब सर्व्हर आणि लॉगिंग यांसाठी लोक साधारण जे घेतात ते घ्या, आणि त्या तीन-चार पॅकेजांमागून एकूण किती आली ते मोजा. भाषेचं पॅकेज साधन ते झाड दाखवतं. नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेत) हा आकडा शेकड्यांत जाताना मी वारंवार बघितलाय. गोमध्ये तो लहान राहतो, कारण वेबसाठीचा एचटीटीपी सर्व्हर, डेटा मांडायचं जेसन आणि संवाद सुरक्षित ठेवणारं टीएलएस भाषेसोबतच येतात.

हा आकडा का बघायचा? मार्च २०१६ मध्ये लेफ्ट पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज-भांडारावरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड पडले, कारण बेबेलसारखी साधनं कुठून तरी फिरून त्याच्यावर उभी होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत गुपचूप शिरायचं मागचं दार सापडलं. विश्वास कमावून देखभालकर्ता झालेल्या व्यक्तीने ते घुसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला आणि तो त्याच्या मागे लागला, म्हणून ते बाहेर आलं. तुमच्या झाडातलं प्रत्येक पॅकेज कुणीतरी सांभाळतंय, बहुधा फुकट आणि एकट्याने. निदान पहिल्या फळीतल्या पॅकेजांचे देखभालकर्ते किती आणि शेवटचं रिलीज कधीचं, एवढं बघून ठेवा.

कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांमुळे यात एक भर पडलीय. ती अधूनमधून अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतात, आणि तशा नावाने खोटं पॅकेज आधीच कुणी चढवून ठेवलेलं असू शकतं. साधनाने सुचवलेलं नाव थेट इन्स्टॉल न करता आधी त्याचं पान उघडा. भाषा निवडताना मी या साधनांचा एवढाच विचार करते: लिहिण्याचा वेग आता कुठेही मिळतो, वाचून पटवून घ्यायचं काम मात्र माझ्याकडेच आहे. त्यामुळे टाइप काटेकोर असलेल्या आणि कंपायलर कडक असलेल्या भाषा मला पूर्वीपेक्षा जास्त हव्याशा वाटतात.

जुना कोड आज चालवून बघा

त्या भाषेतला पाच-सहा वर्षांपूर्वीचा, मध्यम आकाराचा ओपन सोर्स प्रोजेक्ट शोधा आणि आजच्या व्हर्जनवर बिल्ड करा. काय काय मोडतं ते लिहून काढा. भाषेचं भविष्य कुणाच्या भाषणातून कळत नाही, या बिल्डमधून कळतं.

पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे एका भाषेच्या दोन बोलींत अकरा वर्षं लोक अडकून होते, आणि स्क्रिप्ट बदलण्यात किती पगार गेले असतील याचा अंदाजही करवत नाही. पर्लची सहावी आवृत्ती २००० मध्ये जाहीर झाली, २०१५ च्या नाताळात आली आणि २०१९ मध्ये तिला राकू असं वेगळं नाव द्यावं लागलं. दुसरीकडे गोने २०१२ मध्ये पहिल्या आवृत्तीसोबत वचन दिलं की तिच्यात लिहिलेला कोड पुढच्या, १ ने सुरू होणाऱ्या सगळ्या आवृत्त्यांत कंपाइल होत राहील, आणि ते पाळलंय. रस्टने एडिशनची वाट काढली, २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४. जुन्या एडिशनमधली लायब्ररी नव्या एडिशनच्या प्रोजेक्टमध्ये तशीच वापरता येते. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण त्यात भाषा बदलूही शकते आणि कुणाला मागेही टाकत नाही.

मालक कोण तेही बघा. जावा सनने १९९५ मध्ये आणली, २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, आणि जावाच्या एपीआयवरून (तिच्या सोयी वापरायच्या ठरलेल्या नावांवरून आणि रचनेवरून) गूगलशी सुरू झालेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये गूगलच्या बाजूने संपला. इतकं होऊनही जावा टिकली, कारण ती चालवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि ओपनजेडीके ही तिची आवृत्ती खुली आहे. रस्टवरही असाच प्रसंग आला. तिला पोसणाऱ्या मोझिलाने ऑगस्ट २०२० मध्ये मोठी नोकरकपात केली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अनेक कंपन्यांच्या पाठबळावर रस्ट फाउंडेशन उभं राहिलं. एकाच कंपनीच्या एकाच टीमवर उभी असलेली भाषा कितीही देखणी असली तरी बिलिंगसाठी मी ती घेणार नाही.

इंडस्ट्रीतले दावे कसे वाचायचे

'अमुक कंपनीने भाषा बदलली आणि वेग दहापट झाला' असं वाचलंत की पहिला प्रश्न: दुसऱ्यांदा लिहिताना त्यांना काय माहीत होतं जे पहिल्यांदा नव्हतं? तोच प्रोग्राम त्याच भाषेत पुन्हा लिहिला तरी तो बहुधा सुधारतो, कारण प्रश्न तोवर समजलेला असतो. त्यामुळे ज्या लेखात नेमकं कारण नाही तो मी बाजूला ठेवते.

नेमकं कारण कसं असतं त्याचं एक उदाहरण डिस्कॉर्ड या चॅट ॲपचं. २०२० मध्ये त्यांनी एक सर्व्हिस गोमधून रस्टमध्ये का नेली ते लिहिलं. त्या सर्व्हिसच्या मेमरीत मोठा कॅश (हाताशी ठेवलेल्या डेटाचा साठा) होता, गोचा गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग) दर दोन मिनिटांनी तरी एकदा चालतोच, आणि प्रत्येक वेळी तो सगळा कॅश चाळत असल्यामुळे प्रतिसादाचा वेळ उसळी मारायचा. हे वाचून मला लगेच ठरवता आलं की माझ्या सर्व्हिसला हा प्रश्न नाही. उलट दिशेचं उदाहरणही आहे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गोमध्ये नेत असल्याचं जाहीर केलं. रस्ट का नाही, यावर टाइपस्क्रिप्टचे मुख्य शिल्पकार अँडर्स हायल्सबर्ग यांच्या टीमचं उत्तर असं होतं की त्यांना नव्याने लिहायचं नव्हतं, जुना कोड जवळपास फंक्शनमागून फंक्शन उतरवायचा होता, आणि एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या त्याच्या रचनांना गार्बेज कलेक्टर असलेली भाषा सोयीची. दोन्ही निर्णय मला पटतात.

नोकरीच्या जाहिरातींवरून भाषा निवडणाऱ्यांना मी दोष देत नाही, घर चालवायचं असतं. फक्त जाहिरातीत भाषेपुढे काय लिहिलंय ते वाचा. 'नवं प्रॉडक्ट उभारायचं' असं असेल तर एक काम, 'सध्याची सिस्टिम सांभाळायची' असेल तर दुसरं. पहिल्याची हौस सगळ्यांना, दुसऱ्याचा पगार बरेचदा जास्त स्थिर. कोबोल १९५९ मध्ये आखली गेली आणि बँकांमध्ये आजही चालते. ती सांभाळणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. इंडस्ट्री नवं लिहिणाऱ्यांना मंचावर बोलावते, आणि जुनं चालू ठेवणाऱ्यांचं नाव सिस्टिम पडल्यावरच आठवतं. हे चूक आहे आणि मी ते मुलाखत घेताना उलटं करते: 'तुम्ही काय बनवलंत' याआधी 'दुसऱ्याने लिहिलेलं काय सांभाळलंत' हे विचारते.

ठरलं तर आणायची कशी

एका कंपनीत मी असताना प्रत्येक टीमने आपापल्या आवडीची भाषा घेतली होती. एक सर्व्हिस अशा भाषेत होती जी फक्त एका माणसाला यायची. तो गेल्यावर त्या सर्व्हिसमध्ये करांचा एक नवा नियम घालायचा होता, आणि शेवटी तो नियम तिच्या पुढे उभ्या केलेल्या दुसऱ्या सर्व्हिसमध्ये घातला गेला, कारण मूळ कोडला हात लावायला कुणी धजेना. तेव्हापासून माझी अट आहे: नवी भाषा आणायची तर ती येणारी किमान दोन माणसं टीममध्ये हवीत, आणि त्यातलं एक तरी ती सुचवणारं नसावं.

पहिलं काम कडेचं निवडा. रात्री चालणारा रिपोर्ट, आतल्या लोकांचं साधन, असं काहीतरी, जे एक दिवस बंद पडलं तरी ग्राहकाला कळणार नाही. पण ते खऱ्या प्रॉडक्शनमध्ये जायला हवं, तुमच्या नेहमीच्या लॉग, मॉनिटरिंग आणि डिप्लॉयच्या वाटेने. भाषा चालवायला किती जड आहे हे तिथेच कळतं: कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं) केवढा होतो, क्रॅशनंतर लॉगमध्ये काय उरतं, सुरक्षेचं अपडेट किती वेळात चढतं.

सुरुवातीलाच एक पानभर टिपण लिहा. ही भाषा कशासाठी घेतली, त्याऐवजी काय घेता आलं असतं, आणि काय घडलं तर आपण ती काढून टाकू. शेवटचा मुद्दा आकड्यांत लिहा, म्हणजे 'नव्या माणसाला पहिला बदल करायला दोन आठवड्यांपेक्षा जास्त लागला तर' असा. सहा महिन्यांनंतरची तारीख टाकून ते टिपण कॅलेंडरवर लावा आणि त्या दिवशी भाषा सुचवणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने ते उघडून एकेक ओळ तपासावी.

चाचणीचा प्रोग्राम फेकू नका. आमच्या रिपॉझिटरीत तो प्रत्येक भाषेच्या फोल्डरमध्ये, त्याच खराब फाइलसकट आहे, आणि भाषेचं नवं व्हर्जन आलं की सीआयवर (बदल झाला की कोड तपासणाऱ्या यंत्रणेवर) आपोआप चालतो. निकाल बदलला तर अपग्रेडच्या आधी रिलीज नोट वाचायला कुणीतरी बसतं.